छोटा क्लास-डी अॅम्प, आठ महिन्यांनंतर: आवाजाची तक्रार मागे घेते, नॉबची नाही

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला दोन दिवस राहिले होते आणि माझ्या छोट्या क्लास-डी अॅम्पचा (अॅम्प्लिफायर, स्पीकर चालवणारी डबी; क्लास-डी म्हणजे आतले ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद होऊन चालणारा) अडॅप्टर गेला. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, वॉरंटी मशीनला आहे, अडॅप्टरला नाही." खोक्यावर 'एक वर्ष' एवढंच छापलंय, अडॅप्टर वगळल्याचं कुठंही लिहिलेलं नाही. चार फोन झाले, बिलाचा फोटो तीनदा पाठवला, हाती काही लागलं नाही. त्या रागात लिहायला बसले खरी, पण आठ महिन्यांत या डबीने मला सगळ्यात जास्त छळलं ते अडॅप्टरने नाही, व्हॉल्यूमच्या नॉबने.

मी मिरजेत गाणं शिकवते. घरात सासऱ्यांनी 1994 साली घेतलेला ट्रान्झिस्टरचा अॅम्प होता. गेल्या वर्षी तो घुमायला लागला. पॉवर सप्लायचे, वीज सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले की 100 हर्ट्झची घरघर येते, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं की पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी एक बेसूर स्वर सतत लागलेला आहे. माझा षड्ज काळी चार. त्या घरघरीवर रियाज करणं म्हणजे शेजारी कुणीतरी चुकीचा तानपुरा छेडत बसल्यासारखं. म्हणून दिवाळीनंतर 3,200 रुपयांना ही टीपीए 3116 चिपवाली डबी घेतली. स्पीकर तेच ठेवले, 8 ओहमचे.

पहिल्या महिन्यातलं माझं मत असं होतं: आवाज पातळ, तानपुऱ्याला भरणी नाही, गायकीतला गाभा हरवलाय. हे मी माझ्या विद्यार्थिनींना सांगितलं, बहिणीला सांगितलं आणि त्या विश्वासावर 1,800 रुपये खर्चून जुना अॅम्प दुरुस्त करून आणला. ते पैसे मला अजून बोचतात.

भाचा सांगलीत इंजिनियरिंगला आहे. दोन्ही अॅम्प शेजारी शेजारी लावून मी त्याला फरक ऐकवला. दहापैकी नऊ वेळा मी जुना ओळखला. तो म्हणाला, "मावशी, आधी आवाज सारखा करू." मी म्हटलं, कानाने सारखाच केलाय की. त्याने 400 हर्ट्झचा सूर लावला आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर धरला. जुन्यावर 2.00 व्होल्ट, नव्यावर 1.78. म्हणजे एक डेसिबलचा फरक. एवढा फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'भरदार', 'जवळचा', 'खुला' असा कळतो. मी ज्याला गाभा म्हणत होते तो हा एक डेसिबल होता.

मग त्याने नीट बांधणी केली. दोन डीपीडीटी स्विच, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा एका अॅम्पवरून दुसऱ्यावर एकदम नेणारे. इथे सावध राहा: या क्लास-डी डब्यांत स्पीकरचं काळं टर्मिनलही जिवंत असतं, ग्राउंड नसतं. दोन अॅम्पच्या काळ्या तारा एकत्र बांधल्या तर डबी जळू शकते. मीटर 2.00 आणि 2.01 वर आणला, पडद्यामागे तो, पडद्याबाहेर मी. नाणं उडवून तो अॅम्प निवडायचा, मी कुठला ते ओळखायचं, आणि खटक्यावरून मला सुगावा लागू नये म्हणून दर वेळी स्विच पुढे-मागे दोन-तीनदा फिरवायचा. 16 फेऱ्या. नुसत्या नशिबाने 12 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे, म्हणून 12 आले तर मानायचं असं आधीच ठरलं होतं. माझे 9 आले. पुढच्या रविवारी फक्त तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन परत बसले, कारण तिथे माझा कान सगळ्यात तयार आहे. 6 आले.

दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. पस्तीस वर्षं या कानावर माझं पोट आहे. जवारीचा दोरा (तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली असतो तो) केसभर सरकला तर मला दुसऱ्या खोलीतून कळतं. मग हे का कळू नये? भाच्याने समजावलं ते पटलं. दोरा सरकला की वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत वाजणारे बारीक स्वर) कितीतरी डेसिबलने खालीवर होतात, तारेचं सगळं रूपच बदलतं. आणि बऱ्या अॅम्पची विकृती (मूळ आवाजात त्याने घातलेली भेसळ), त्याच्या ताकदीत चालवला तर, 0.1 टक्क्याच्याही खाली असते, म्हणजे मूळ स्वरापेक्षा 60 डेसिबल हळू. तानपुऱ्याच्या गुंजनाखाली ती पार बुडून जाते. कान कमी पडला नाही. ऐकायला तिथे काही नव्हतंच.

हे माझ्या एकटीचं नाही हे वाचून जरा धीर आला. 1987 साली अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने दोनशे डॉलरच्या आसपासच्या रिसीव्हरपासून (रेडिओ आणि अॅम्प एकत्र) बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अॅम्पपर्यंत सगळे असेच पडद्याआड ऐकवले. निकाल नाणेफेकीसारखा आला. रिचर्ड क्लार्क नावाच्या कार ऑडिओवाल्याने तर दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं: दोन्ही अॅम्पच्या आवाजाची पातळी सारखी, आवाज फाटू द्यायचा नाही, बारापैकी बारा बरोबर ओळखायचे, आणि तेही दोनदा. बक्षीस कुणाला मिळालं नाही. त्याच्याही आधी, 1985 मध्ये, अॅम्प बनवणाऱ्या बॉब कार्व्हरने 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या लोकांना सांगितलं की तुम्ही निवडाल त्या महाग अॅम्पसारखा माझा स्वस्त अॅम्प वाजवून दाखवतो. दोन्हींच्या आउटपुटमधली वजाबाकी स्पीकरवर ऐकत तो फरक जवळजवळ शून्यापर्यंत नेत गेला. ऐकणाऱ्यांना मग दोन्ही वेगळे सांगता येईनात. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की त्याने फरक नाकारला नाही. फरक होता, तो मोजला आणि काढून टाकला. व्हॉल्व्हच्या काही अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पीडन्स जिथे वरखाली होतो तिथे आवाजही वरखाली होतो. तो फरक ऐकू येतो, त्यात भ्रम नाही.

आता नॉब. रात्री दहानंतर मी अगदी हळू ऐकते. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये एक तानपुरा डावीकडे, एक उजवीकडे आहे. नॉब घड्याळातल्या आठ-नऊच्या जागी असला की डावा तानपुरा मागे सरकतो, गाणारी उजवीकडे कलते. मीटरने पाहिलं: डावीकडे 0.20 व्होल्ट, उजवीकडे 0.25. जवळजवळ दोन डेसिबल! ज्या एका डेसिबलने मला फसवलं, त्याच्या दुप्पट फरक एकाच डबीच्या दोन बाजूंमध्ये. स्वस्त पोटेन्शिओमीटरचे (नॉबमागचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) दोन बाजूंचे दोन पट्टे सुरुवातीच्या भागात एकसारखे चालत नाहीत, मधोमध आले की जुळतात. चाचणी आम्ही मधोमधच्या जागी केली होती म्हणून ती बिघडली नाही. पण घरात माणूस हळूच ऐकतो! चिपची जाहिरात, सोनेरी टर्मिनल, अॅल्युमिनियमचा खोका हे सगळं केलं आणि जिथे हात रोज लागतो तिथे पैसे वाचवले, याचा मला मनापासून संताप येतो. जुन्या अॅम्पचा नॉब तीस वर्षांनीही दोन्ही बाजू सारख्या देतो. मार्चपासून रात्रीचं ऐकणं मी त्याच्यावरच केलं. 1,800 रुपये तेवढे तरी वसूल झाले.

अडॅप्टर गेल्यावर मात्र माझं मत आणखी एकदा बदललं. आधी वीस मुलींच्या वर्गात जरा मोठ्याने लावलं की तबल्याची थाप फाटायची, तार षड्जावर खरखर यायची. मी ते 'चिपचा स्वभाव' म्हणून सोडून दिलं होतं. सोबत आलेल्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर ही डबी 8 ओहमला फार तर 9 वॉट देते, त्यापुढे लाटेचे शेंडे कापले जातात. भाच्याने खोका उघडून आतले कपॅसिटर 35 व्होल्टचे असल्याची खात्री केली आणि बंद पडलेल्या लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर जोडला. आता 22 वॉटच्या आसपास मिळतात. गुरुपौर्णिमेला दिवाणखाना भरलेला होता, थाप कुठेही फाटली नाही. म्हणजे अडॅप्टर गेला नसता तर अर्ध्याहून जास्त ताकद खोक्यातच पडून राहिली असती, आणि मी चिपला दोष देत बसले असते. विकणाऱ्याने 12 व्होल्टचा अडॅप्टर का दिला, हे त्याला विचारलं, उत्तर नाही.

नॉबवर उपाय परवा केला. इनपुटला प्रत्येक बाजूला 10 किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि 4.7 किलोओहमचा ग्राउंडला. आवाज साधारण 10 डेसिबल उतरतो, त्यामुळे रात्रीही नॉब मधल्या जागेच्या बराच जवळ येतो आणि डावा तानपुरा डावीकडेच बसतो. पूर्ण उघडला तर वर्गाला पुरेल एवढा आवाज शिल्लक राहतो. खर्च दहा रुपयांच्या आत. ज्यांच्याकडे हीच डबी आहे त्यांनी अॅम्प बदलायच्या आधी हे करून पाहावं. मात्र 19 व्होल्ट लावण्यापूर्वी आतल्या कपॅसिटरवर छापलेला आकडा वाचा, आणि अडॅप्टरच्या पिनचा मधला भाग पॉझिटिव्ह आहे ना ते मीटरने तपासा.

अडॅप्टरच्या पैशांसाठी काल पोस्टाने पत्र टाकलंय, बिलाच्या आणि खोक्याच्या फोटोसकट.