नव्या अ‍ॅल्युमिनियम बोटीच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

मी मासेमारीसाठी सुमारे पाच मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची नवी बोट घेतली. आउटबोर्ड इंजिन, डेक, वायरिंग, पंप आणि फिश फाइंडर असे सर्व काही विक्रेत्यानेच बसवून द्यायचे, असा करार होता. अकरा महिन्यांनी तिच्या तळाला मोहरीच्या दाण्याएवढी दोन आरपार छिद्रे पडली आणि एका आडव्या बरगडीच्या वेल्डिंगलगत बोटभर लांबीची चीर दिसू लागली. त्यानंतर मी मूळ कोटेशन पुन्हा काढून शांतपणे वाचले. त्यातले एकही वाक्य मला खोटे ठरवता येत नव्हते, आणि माझी फसवणूक नेमकी तिथेच झाली होती. बोटीच्या बाबतीत असे नुकसान पैशापुरते राहत नाही, कारण आपण तिच्या भरवशावर स्वतःला आणि सोबतच्या माणसांना पाण्यावर नेतो. म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

कोटेशनमध्ये पाच गोष्टींचा उल्लेख होता : मरीन ग्रेड अ‍ॅल्युमिनियम, ३ मिमीपर्यंत जाडीचा पत्रा, चालू मॉडेल, न बुडणारी रचना आणि संपूर्ण मरीन फिटिंग. या शब्दांनी मी निश्चिंत झालो. यांतल्या एकाही शब्दाला मोजमाप जोडलेले नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही.

‘मरीन ग्रेड’ हे कोणत्याही एका मिश्रधातूचे नाव नाही. बोटीच्या तळासाठी आणि बाजूंसाठी साधारणतः ५०५२, ५०८३ किंवा ५०८६ या क्रमांकांचे, मॅग्नेशियम मिसळलेले पत्रे वापरतात आणि बरगड्यांसारख्या, साच्यातून दाबून काढलेल्या भागांसाठी ६०६१ चालतो. तांब्याचे प्रमाण जास्त असलेले २००० मालिकेतले मिश्रधातू विमानांत उत्तम ठरतात, पण खाऱ्या पाण्यात ते लवकर झिजतात. पत्रा बनवणारा कारखाना प्रत्येक खेपेसोबत मिल टेस्ट सर्टिफिकेट देतो आणि त्यावर मिश्रधातूचा क्रमांक व टेंपर, म्हणजे धातू किती कडक केला आहे त्याची खूण, छापलेला असतो. मी तो कागद पैसे देण्याआधी मागायला हवा होता. नंतर मागितला तेव्हा, ‘तुम्हाला कोटेशनमध्ये मरीन ग्रेड लिहून दिलेच आहे,’ एवढेच उत्तर मिळाले.

जाडीच्या बाबतीत सगळा घोटाळा ‘पर्यंत’ या शब्दात होता. एका जाणकार वेल्डरने अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने बोट तपासली. हे यंत्र पत्र्याच्या एकाच बाजूने जाडी सांगते, मात्र ते पोलादासाठी नव्हे तर अ‍ॅल्युमिनियमसाठी जुळवलेले असावे लागते आणि मोजण्याच्या जागेवरचा रंग खरवडावा लागतो, नाहीतर आकडा चुकतो. बोटीच्या पुढच्या भागात, तळाच्या मधल्या पट्टीवर, ३ मिमी जाडी भरली. उरलेला तळ आणि दोन्ही बाजू २ मिमीच्या होत्या. म्हणजे ‘३ मिमीपर्यंत’ हे विधान खरेच होते. एक मिलिमीटरचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ३ मिमीचा पत्रा २ मिमीच्या पत्र्यापेक्षा सव्वातीनपटींहून अधिक ताठ असतो. माझ्या बोटीचा तळ प्रत्येक लाटेवर लवत होता, आणि ज्या जागी तो लवू शकत नव्हता, म्हणजे बरगडीच्या वेल्डिंगला लागून, तिथे अखेर तडकला.

यंत्र हाताशी नसले तरी हा फरक वजनातून कळू शकला असता. एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा आणि एक मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सुमारे २.७ किलो भरतो. माझ्या बोटीचा तळ आणि बाजू मिळून अंदाजे १४ चौरस मीटर पत्रा लागला असेल, तर ३ ऐवजी २ मिमी वापरल्याने जवळजवळ ३८ किलो धातू कमी झाला. इंजिन, डेक आणि बॅटरी चढवण्यापूर्वी रिकामी बोट वजनकाट्यावर ठेवली असती, तर एवढी तूट लपली नसती. सगळी जोडणी झाल्यावर मात्र वजनातून काहीच कळत नाही.

‘चालू मॉडेल’ याचा उलगडा बोटीच्या मागच्या फळीवर, उजव्या बाजूला कोरलेल्या ओळख क्रमांकावरून झाला. आयएसओ १००८७ या मानकाप्रमाणे या क्रमांकाच्या शेवटच्या चार खुणा वाचता येतात. त्यांतले पहिले अक्षर बांधणीचा महिना दाखवते, ए म्हणजे जानेवारी आणि एल म्हणजे डिसेंबर. पुढचा आकडा बांधणीच्या वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि अखेरचे दोन आकडे मॉडेलचे वर्ष सांगतात. माझ्या बोटीवर एफ हे अक्षर होते आणि वर्षाचा आकडा खरेदीच्या तीन वर्षे आधीचा होता. त्या मॉडेलचे उत्पादन तेव्हाही चालू असल्याने शब्द पुन्हा एकदा बरोबर ठरला. क्रमांकावर सजावटीची पट्टी चिकटवलेली होती. ती मुद्दाम लावली होती की नाही, हे मी सांगू शकत नाही, पण ती काढून पाहण्याची बुद्धी मला वेळेवर झाली नाही. इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये चाललेल्या तासांची नोंद राहते. अधिकृत सर्व्हिसिंग करणाऱ्याने संगणक जोडून पाहिले, तेव्हा बोट माझ्या ताब्यात येण्यापूर्वीच ते ४३ तास चाललेले निघाले. ती प्रात्यक्षिकासाठी वापरलेली बोट होती.

छिद्रांचे कारण शोधताना जे सापडले त्याने मी सर्वांत जास्त हादरलो, कारण हा भाग सर्वस्वी जोडणीतला होता आणि बोट बनवणाऱ्या कारखान्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे एकमेकांच्या संपर्कात आले की त्यांच्यात बॅटरीसारखा विजेचा घट तयार होतो आणि त्यात नेहमी अ‍ॅल्युमिनियमच झिजते. माझ्या बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग लावला होता, तो क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे तांब्याच्या संयुगाचा होता. लाकडी किंवा फायबरच्या बोटीवर तो सर्रास वापरतात, पण अ‍ॅल्युमिनियमसाठी तांबेविरहित रंग वेगळा मिळतो. डेकखालचे प्लायवूड वाळवी आणि बुरशीपासून टिकावे म्हणून तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले होते आणि ते ओले राहून थेट बरगड्यांवर टेकले होते. त्या रेषेत बोटाने पुसता येईल अशी पांढरी भुकटी साचली होती आणि तिच्याखाली धातूला खड्डे पडले होते. पितळी नळ्या आणि स्टेनलेसचे स्क्रू मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा विलग करणारी पेस्ट न घालता सरळ पत्र्यात बसवले होते.

या झिजेपासून बचावासाठी बोटीला अ‍ॅनोड लावतात. तो स्वतः झिजून पत्र्याला वाचवतो. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचा किंवा खास अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड लागतो, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा. माझ्या बोटीला अ‍ॅनोड होता, परंतु कारागिराने तळासोबत त्याच्यावरही रंग फिरवला होता. रंगाने झाकलेला अ‍ॅनोड काहीही काम करत नाही. अकरा महिन्यांनंतरही तो नवाकोरा राहिलेला पाहून वेल्डरने सगळ्यात आधी तिकडेच बोट दाखवले.

वायरिंगमध्ये दोन दिव्यांना एकेकच तार होती आणि परतीचा प्रवाह बोटीच्या पत्र्यातून जात होता. मोटारगाडीत ही पद्धत चालते. पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत मात्र असा भटका प्रवाह धातू फार वेगाने खातो, आणि दोन्ही छिद्रे या दिव्यांच्याच बाजूला होती. प्रत्येक उपकरणापासून दोन स्वतंत्र तारा स्विच पॅनेलपर्यंत येतात का, हे कोणालाही नुसते मोजून पाहता येते. तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाची तार एवढी बारीक होती की बॅटरीवर १२.६ व्होल्ट असताना चालत्या पंपापाशी १०.९ व्होल्टच पोहोचत होते. दिशादर्शक दिव्यांसारख्या महत्त्वाच्या उपकरणांसाठी ही घट ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. इथे ती साडेतेरा टक्के होती. तारांवर कल्हई नव्हती, त्यामुळे टोके हिरवी-काळी पडली होती, आणि बॅटरीजवळ फ्यूज नव्हताच.

‘न बुडणारी रचना’ म्हणून डेकखाली थर्माकोलचे तुकडे कोंबलेले सापडले. टाकीची नळी आणि जिवंत मासे ठेवण्याची पेटी बसवताना त्यांतले कित्येक कापून काढलेले होते. पॉलिस्टायरीन पेट्रोलमध्ये विरघळते, आणि टाकीजवळच्या तुकड्यांचा खरोखरच चिकट लगदा झाला होता. ही बोट पाण्याने भरली असती तर इंजिनाच्या वजनाने तिची मागची बाजू खाली गेली असती, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते, कारण त्या हंगामात माझा मुलगा अनेकदा माझ्यासोबत होता. या कामासाठी बंद पेशींचा, पेट्रोलला टिकणारा फोम लागतो, आणि किती लिटर फोम कुठे बसवला हे लिहून घ्यावे लागते. एक लिटर फोम जेमतेम एक किलो भार उचलतो.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने इंजिनाच्या ४३ तासांची जबाबदारी मान्य केली आणि तेवढी भरपाई दिली, कारण तो एकच आकडा पुराव्यासह माझ्या हाती होता. बाकी प्रत्येक मुद्द्यावर त्याने कोटेशनमधला शब्द पुढे केला. डेक, रंग आणि वायरिंगचे काम त्याने बाहेरच्या कारागिरांकडून करून घेतले होते आणि त्यांची नावे द्यायला तो तयार नव्हता. कारागिरांना दोष देण्याची मलाही इच्छा नाही. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा रंग चालत नाही, हे त्यांना सांगणे विकणाऱ्याचे काम होते.

दुरुस्तीसाठी मी दुसऱ्या ठिकाणी बोट दिली तेव्हा कागद स्वतः लिहून नेला. तळाचा बदललेला पत्रा ५०८३, टेंपर एच११६, सर्वत्र किमान ३ मिमी. वेल्डिंगची डाय पेनेट्रंट तपासणी, म्हणजे रंगीत द्रव मुरवून बारीक चिरा शोधण्याची चाचणी, माझ्यासमोर. डेक बसवण्यापूर्वी बरगड्या, फोम आणि तारा मला दाखवायच्या आणि त्यांची छायाचित्रे द्यायची. शेवटचा हप्ता बोट पूर्ण भाराने पाण्यात चालवून पाहिल्यानंतर. त्या कारागिराने कागद दोनदा वाचला, ‘सर्वत्र किमान’ या शब्दांखाली रेघ ओढली आणि सही केली. डेक त्याने चिकटवला नाही, स्क्रूंवर बसवला आहे. दर दोन महिन्यांनी मी तो उघडून खाली टॉर्च मारून पाहतो.