दिवसापुरत्या खोलीसाठी आगाऊ पैसे भरण्यापूर्वी

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघायचे, पहाटे रत्नागिरीला उतरायचे, दिवसभरात पावस आणि गणपतीपुळे उरकून पुन्हा रात्रीच्या गाडीने परतायचे, असा बेत आखणाऱ्या कुटुंबांना लॉजची खोली मुक्कामासाठी नको असते. सकाळच्या अंघोळी आटोपाव्यात आणि दुपारी बरोबरच्या वडीलधाऱ्यांना घटकाभर पाठ टेकता यावी, एवढ्यापुरती ती हवी असते. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी बारानंतर मिळत असल्यामुळे पहाटे सहाला ताबा हवा असेल, तर आदल्या दिवसाचेही भाडे भरावे लागते. त्यामुळे लोक काही तासांपुरती खोली देणारे लॉज शोधतात. हे दर सहसा कुठे छापलेले नसतात, ते फोनवरच ठरतात, आणि नेमक्या याच फटीतून भामटे आत शिरले आहेत. आमचे ७,३०० रुपये कसे गेले, ते त्यासाठीच सविस्तर लिहीत आहे.

आईला घेऊन जायचे असल्याने मी मोबाइलवरील नकाशात एस. टी. स्टँडच्या आसपासचे लॉज पाहिले आणि त्यांतील एकाच्या नावाखाली असलेल्या नंबरवर फोन केला. लॉज खरे होते, नावही खरे होते. नंबर मात्र त्यांचा नव्हता. अशा नकाशांवर कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो आणि मालकाचे लक्ष नसेल तर खोटा नंबर तिथे बरेच दिवस टिकू शकतो. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. सकाळी सहा ते संध्याकाळी पाच, भाडे १,४०० रुपये, पैकी निम्मे आगाऊ, आणि सर्वांची आधार कार्डे व्हॉट्सॲपवर, असे त्याने सांगितले. ७०० रुपये पोहोचताच त्याने पावती धाडली. थोड्याच वेळात पुन्हा फोन आला, की दिवसाच्या बुकिंगला संगणक निम्मी रक्कम स्वीकारत नाही; उरलेले ७०० आणि खोली सोडताना परत मिळणारी तेवढीच अनामत भरली, तरच खोली नावावर पडेल. तेही भरले.

खरा डाव त्यानंतरचा आहे. पैसे दोन हप्त्यांत आल्यामुळे बुकिंग अडकले आहे, सगळी रक्कम परत करतो, मग नव्याने भरा, असे म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला आणि रकमेच्या चौकटीत ‘परताव्याचा सांकेतिक क्रमांक’ म्हणून ५२०० हे आकडे टाकायला लावले. पिन टाकताच ५,२०० रुपये खात्यातून गेले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो लागतो पैसे देताना. शिवाय पिनच्या आधीच्या पडद्यावर खातेदाराचे बँकेतील नाव दिसते, आणि तिथे लॉजचे नव्हे, कुणा भलत्याच व्यक्तीचे नाव होते.

मी जाब विचारताच त्याची अदब संपली. “दिवसाच्या खोल्या कशाला लागतात ते आम्हाला माहीत आहे. तुमची आधार कार्डं आमच्याकडे आहेत. पोलिसांना कळवू का?” असे तो म्हणाला, तेव्हा ज्यांच्यासाठी खोली हवी होती त्या आमच्या मातोश्री शेजारी बसून प्रवासासाठी गुडघ्याचे पट्टे पिशवीत भरत होत्या. मला त्या प्रसंगीही हसू आले. पण एखादे जोडपे असते तर त्याला घाम फुटला असता आणि तक्रार तिथेच गाडली गेली असती. दिवसाच्या खोलीभोवती जी कुजबुज असते, तिच्याच भांडवलावर हा धंदा चालतो. वास्तविक दोन सज्ञान व्यक्तींनी, मग त्यांचे लग्न झालेले असो वा नसो, हॉटेलात एकत्र राहणे हा गुन्हा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा या धमकीला कोणीही भीक घालू नये.

ती पावती नंतर नीट वाचली. महाराष्ट्रातील जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो. हिच्यावरचा ०९ ने, म्हणजे उत्तर प्रदेशच्या संकेताने, सुरू होत होता. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे. हिच्यावर १८ टक्के लावलेला होता. सोबतच्या छायाचित्रात खिडकीतून समुद्र दिसत होता. प्रत्यक्षात त्या लॉजच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.

हे मी खात्रीने सांगतो, कारण तिकिटे काढलेली असल्याने आम्ही गेलो आणि त्याच लॉजच्या काउंटरवर उभे राहिलो. व्यवस्थापकाने वही उघडून दाखवली. आमचे नाव अर्थातच नव्हते. असे गिऱ्हाईक त्यांच्याकडे याआधीही आले होते. भल्या माणसाने ९०० रुपयांत संध्याकाळपर्यंत खोली दिली, आगाऊ काहीही मागितले नाही आणि ओळखपत्र तिथल्या तिथे पाहून परत केले. ओळखपत्र मागणे रास्तच आहे, पण त्यासाठी आधारचे शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत पुरते. आमची पूर्ण कार्डे गेलेली असल्याने आम्ही सर्वांचे आधार बायोमेट्रिक बंद करून ठेवले.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर मात्र मी फसवणूक लक्षात येताच फोन केला होता. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, वेळ आणि रक्कम तयार असेल तर तिथे तक्रार लवकर नोंदवली जाते, आणि रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येते. म्हणूनच यात दिवस नव्हे, मिनिटे मोजावी लागतात. बँकेने पिन ग्राहकानेच टाकला असे सांगून हात वर केले. ग्राहकाचे दायित्व मर्यादित ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे नियम तेव्हा मुख्यतः ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी होते, त्यामुळे तिथे फार भांडता आले नाही. ५,२०० पैकी २,१०० रुपये समोरच्या खात्यात अडवले गेले आहेत आणि ते सोडवण्याची कागदपत्रे चालू आहेत. बाकीचे त्याआधीच एटीएममधून काढले गेले होते.