कृत्रिम पायाला जाणीव हवी आहे: पट्टा घ्यावा, शस्त्रक्रिया करावी की थांबावं?

कृत्रिम पायाने चालणारा माणूस सारखा खाली का बघतो? पाऊल टेकलं की नाही, टाच आधी टेकली की चवडा, खाली फरशी आहे की वाळू, यातलं काहीच त्याला पाऊल सांगत नाही. सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीत, स्टंपवर (पायाच्या उरलेल्या भागावर) येणाऱ्या दाबावरून थोडा अंदाज येतो, बाकी भिस्त डोळ्यांवर. पाय गुडघ्याखाली कापलेला असेल तर स्वतःचा गुडघा शाबूत असतो आणि बरंचसं निभावतं. मांडीतून कापलेला असेल, तर गुडघा किती वाकलाय हेही कळत नाही. म्हणून खालच्या पर्यायांचं मोल या दोघांसाठी सारखं नाही.

आधी एक घोळ निस्तरू. मायक्रोप्रोसेसर गुडघ्याच्या, म्हणजे आत छोटा संगणक असलेल्या कृत्रिम गुडघ्याच्या, माहितीपत्रकात 'सेन्सर' हा शब्द ठळक छापलेला असतो. १९९७ साली आलेल्या सी-लेग या गुडघ्यापासून अशा गुडघ्यांत सेन्सर आहेतच, पण ते खबर देतात गुडघ्यातल्या यंत्रणेला, तुम्हाला नाही. अडखळल्यावर गुडघा स्वतःला सावरतो, हा फायदा मोठाच आहे. मात्र जाणीव परत मिळेल म्हणून तो घेत असाल तर घेऊ नका.

जाणीव देणारा सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे कंपन देणारा पट्टा. तळव्याखाली दाब मोजणारे सेन्सर, आणि मांडीवर किंवा स्टंपवर थरथरणाऱ्या छोट्या मोटर. व्हिएन्नाच्या सफेनस कंपनीचं सुरालिस याच जातीचं. कापाकापी नाही, नाही पटलं तर काढून ठेवता येतं. पण मांडीवरची थरथर म्हणजे टाच टेकली, हे मेंदूला शिकवावं लागतं, आणि कंपन सतत चालू राहिलं तर त्वचा त्याकडे दुर्लक्ष करू लागते. इटलीत पिसाच्या संशोधकांनी म्हणूनच फक्त पाऊल टेकताना आणि उचलताना क्षणभर कंपन देणारी रचना करून पाहिली. मला तीच दिशा शहाणपणाची वाटते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासायला हवी: सेन्सर बुटातल्या तळव्यात आहेत की पावलावर चढवायच्या मोज्यात? बुटात असतील तर घरात आणि देवळात, म्हणजे दिवसाचा मोठा भाग, ते उंबऱ्याबाहेर राहणार. पाय मधुमेहामुळे गेला असेल, तर पट्टा जिथे बांधायचा त्या त्वचेला कंपन नीट कळतं का, हेही आधी पाहून घ्यावं.

दुसरं टोक म्हणजे थेट नसेत इलेक्ट्रोड. तेव्हा झुरिकच्या ईटीएच संस्थेत असलेले स्टानिशा रास्पोपोविच आणि सहकाऱ्यांनी बेलग्रेडमध्ये मांडीतून पाय गेलेल्या दोघांच्या उरलेल्या नसेत केसासारखे बारीक इलेक्ट्रोड बसवले. तळव्यातले सेन्सर आणि गुडघ्याच्या कोनाची माहिती त्यातून नसेला मिळत होती. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: दोघं वाळूवर अधिक वेगाने चालले, चालताना प्राणवायू कमी लागला आणि नसलेल्या पायातल्या वेदना कमी झाल्या. जाणीव मांडीवर नव्हे, हरवलेल्या पावलातच होत होती. यापेक्षा आशादायक काही मी वाचलेलं नाही. तरीही हे दोन माणसांवरचं, काही महिन्यांचं काम होतं. तारा त्वचेतून बाहेर आलेल्या होत्या आणि शेवटी इलेक्ट्रोड काढून घेतले गेले. यासाठी आजचा पाय घ्यायचा लांबवू नका.

तिसरा पर्याय सगळ्यात कमी बोलला जातो आणि माझ्या मते निर्णय त्याच्याभोवतीच घ्यायला हवा. घोटा हलवणारे स्नायू जोडीने काम करतात. एक आकसतो तेव्हा दुसरा ताणला जातो, आणि त्या ताणावरून मेंदूला घोट्याची स्थिती कळते. नेहमीच्या पद्धतीने पाय कापताना ही जोडी तुटते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचे ह्यू हर (त्यांचे स्वतःचे दोन्ही पाय १९८२ च्या गिर्यारोहणातल्या हिमदंशामुळे गुडघ्याखाली कापले गेले) आणि बॉस्टनच्या शल्यचिकित्सकांनी स्नायूंची टोकं पुन्हा एकमेकांना जोडण्याची पद्धत विकसित केली, तिला एएमआय म्हणतात. २०१६ मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली. २०२४ च्या अभ्यासात अशी शस्त्रक्रिया झालेले ७ जण आणि नेहमीच्या पद्धतीने पाय कापलेले ७ जण एकाच प्रकारच्या यांत्रिक घोट्यावर चालले. पहिल्या गटाचा कमाल वेग ४१ टक्के जास्त भरला. तो घोटा प्रयोगशाळेतला आहे, दुकानातला नाही. पण स्नायूंची जोडी शरीरातच राहते आणि तिला चार्जिंग लागत नाही.

याच्या जवळची एक शस्त्रक्रिया म्हणजे कापलेल्या नसेचं टोक मोकळं न सोडता दुसऱ्या स्नायूच्या नसेला जोडणं, म्हणजे टीएमआर. नसेच्या टोकाला होणाऱ्या दुखऱ्या गाठी आणि नसलेल्या पायातल्या वेदना यांवर तिचा उपयोग होतो. पाय आधीच गेला असेल आणि या वेदना झोपू देत नसतील, तर पट्ट्याआधी याची चौकशी करा.

हाडात टायटॅनियमची दांडी बसवून पाय थेट जोडण्याची पद्धतही आहे. स्वीडनमध्ये १९९० पासून. जमिनीचा धक्का हाडातून वर पोचतो, त्यामुळे जाणीव सुधारते. पण दांडी त्वचेतून बाहेर येते, तिथे जंतुसंसर्गाचा धोका कायमचा. केवळ जाणिवेसाठी हे करू नये. सॉकेट अजिबात सोसत नसेल तरच विचार करावा.

ज्यांचा पाय कापून काही वर्षं झाली, त्यांनी पहिला खर्च सॉकेटवर करावा. ढिल्या सॉकेटमध्ये स्टंप वरखाली सरकतो, मग पट्टा जे सांगतो आणि स्टंपला जे जाणवतं त्यांचा मेळ बसत नाही. पुण्याचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर किंवा मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था, अशा ठिकाणी सॉकेट आणि चालण्याचं प्रशिक्षण पक्कं करावं. पट्टा त्यानंतर, तोही आधी वापरून पाहता येत असेल आणि दुरुस्ती कुठे होईल याचं स्पष्ट उत्तर मिळत असेल तर. पावसाळ्यात आणि घामात तो किती टिकतो, हेही विचारून घ्या.

ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे आणि हाताशी काही दिवस आहेत, त्यांनी पायाच्या किमतींचे तक्ते बाजूला ठेवून सर्जनना आधी दोन प्रश्न विचारावेत: नसांची टोकं तुम्ही कुठे नेणार? स्नायूंची जोडी राखता येईल का? उत्तर "नाही" आलं, तर प्लास्टिक सर्जनचं दुसरं मत घ्या. पट्टा पुढच्या वर्षीही घेता येतो. कापलेल्या नसा नंतर जुळवायच्या तर पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावं लागतं.