बोअरमधून गॅस येत नाही: फ्रॅक करायचं, स्लॉटिंग करायचं का आधी सील बघायचं?

माझा भाचा धनबादकडे भूमिगत खाणीत इंजिनिअर आहे. मागच्या महिन्यात सुट्टीला पुण्यात आला आणि आल्या आल्या चहा व्हायच्या आत विषय काढला, मामा, आमच्या बोअरमधून गॅसच येत नाहीये, वरचे साहेब म्हणतायत फ्रॅक करून टाकू, एक कंपनी स्लॉटिंगचं मशीन विकायला बसलीये, तू सांग काय घेऊ. बोअर म्हणजे इथे कोळसा काढायच्या आधी त्यातला मिथेन गॅस ओढून घ्यायला कोळशात मारलेलं लांब भोक. माझी बावीस वर्षं भोसरीत हाय प्रेशर पंपांच्या कामात गेलीत, पंप बसवायला खाणीत खाली उतरलोय, म्हणून त्याला वाटलं मी पटकन एक नाव सांगेन. तसं एका नावात होत नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, त्याच्यासारखे बरेच जण असतील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे. कोळशात गॅस मोकळा फिरत नसतो, बहुतेक सगळा मिथेन कोळशाच्या अतिबारीक छिद्रांना आतून चिकटून बसलेला असतो. दाब उतरला की सुटतो आणि मग भेगांमधून वाट काढत बोअरपर्यंत येतो. खोल खाणीत वरच्या खडकाचं ओझं या भेगा दाबून धरतं, वाटच बंद, म्हणून बोअर मारून पाइप जोडून सक्शन लावलं तरी दोन-चार आठवड्यांत फ्लो झोपतो. मग उपाय दोनच प्रकारचे उरतात. एक तर नवीन वाट फाडायची, नाहीतर थोडा कोळसा बाहेर काढून आजूबाजूचं ओझं उतरवायचं म्हणजे जुन्या भेगा आपोआप सैल होतात. बाजारातलं कुठलंही मशीन समोर आलं की विचारायचं, हे फाडतंय का उतरवतंय.

फ्रॅक म्हणजे फाडणं. पुण्याच्या आसपास बोअरला पाणी कमी झालं की जलभंजन करतात ते माहीत असेल, भूजल सर्वेक्षणवाले गावोगावी करतात, बोअरमध्ये पॅकर म्हणजे फुगणारं बूच अडकवून दाबाने पाणी सोडतात आणि भेगा उघडतात. कोळशातलं फ्रॅक तत्त्वाने तेच आहे, भाच्याच्या साहेबांनी पण हेच उदाहरण दिलं होतं म्हणे. पण आपला बेसाल्ट कडक असतो, उघडलेली भेग बऱ्यापैकी उघडी राहते. कोळसा मऊ असेल तर पंप बंद केला की भेग परत मिटते, भेग उघडी ठेवायला आत वाळू सोडली तरी वाळूचे कण कोळशातच रुततात. दुसरं म्हणजे आपल्या बोअरमधून आपल्याला पाणीच पाहिजे असतं, इथे मात्र पाणी आत राहिलं तर बारीक भेगा तेच अडवून बसतं, गॅसला बाहेर यायला जागाच नाही. आणि भेग कुठे जाईल ते तुमच्या हातात नसतं, जिकडे खडकाचा ताण कमी तिकडे ती सरकते, कधी सरळ छतात घुसते आणि पुढे तिथे कोळसा काढताना छत सांभाळणं अवघड होतं. जमेची बाजू एकच पण मोठी आहे, कडक कोळशात एका बोअरवरून कित्येक मीटर लांबपर्यंत काम होतं, बोअरची संख्या वाचते.

स्लॉटिंग म्हणजे उतरवणं. बोअरच्या आत नोझल फिरवत बारीक धारेने कोळशात थाळीसारख्या गोल चिरा पाडायच्या, दाब शंभर मेगापास्कलच्या आसपाससुद्धा नेतात, कापलेला कोळसा पाण्याबरोबर बाहेर येतो. चीर जेमतेम एक-दोन मीटरची पण ती दबून सावकाश बसते तेव्हा भोवतालचा कोळसा सैल होतो, आणि चीर कुठे पाडायची ते तुम्ही ठरवता. मला मनापासून हेच जास्त आवडतं. पण कोळशात चीर धरून ठेवण्याइतका दम पाहिजे. भुसभुशीत असेल तर चीर उभीच राहत नाही, बोअर भुशाने तुंबतो आणि गॅस आणि भुसा एकदम भसकन बाहेर येतो, तेव्हा तोंडाशी माणूस उभा असला तर काय होईल ते सांगायला नको. अशा मऊ कोळशात इतक्या दाबाची गरजच नसते, साध्या कमी दाबाच्या पाण्याने बोअर धुवून टनाटनाने कोळसा बाहेर काढतात, ओझं उतरतंच. तोंडाला भुसा आणि गॅस वेगळा करणारी पेटी मात्र हवीच हवी, आणि धुवून झाल्यावर आत लगेच जाळीचा पाइप शेवटपर्यंत सरकवायचा, नाहीतर बोअर ढासळून केलेलं सगळं वाया.

सीओटूच्या म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांचं पण लोक विचारतात. नळीत द्रव सीओटू, आत हीटर, तापला की चकती फुटते आणि वायू झटक्यात फुगून कोळसा फोडतो. ज्योत नाही, पाणी नाही, शिवाय कोळसा मिथेनपेक्षा सीओटू जास्त धरतो म्हणून मिथेनला ढकलायला थोडी मदतच होते. पण नळी नीट अडकवलेली नसेल तर गोळीसारखी बाहेर येते, आणि एकेक नळी भरायची, आत सारायची, काढायची यात शिफ्ट संपते. दोन-चार हट्टी बोअरसाठी ठीक, सगळ्या पॅनेलसाठी, म्हणजे खाणीच्या अख्ख्या पट्ट्यासाठी, मी नाही सुचवणार.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. भाच्याला विचारलं, पाइपात मिथेन किती टक्के येतोय. म्हणाला सुरुवातीला पन्नासच्या वर होता, आता बारा. सक्शन? चांगलं आहे. अरे मग कोळसा फ्रॅक करून काय होणार, तुझा बोअर खाणीतली हवा ओढतोय! गॅलरीच्या म्हणजे खाणीतल्या बोगद्याच्या भिंतीचा कोळसा आधीच तडकलेला असतो, सील म्हणजे बोअरच्या तोंडाशी पाइपभोवतीची जागा बंद करणारा भराव आखूड असला की सक्शन त्या तडांमधून हवाच खेचतं. आणि हा नुसता नुकसानीचा प्रश्न नाही, ५ ते १५ टक्के मिथेन असलेली हवा पेटते, म्हणजे बारा टक्क्यांवर तुम्ही पाइपात स्फोटाचं मिश्रण वाहून नेताय. २००६ च्या सप्टेंबरात झरिया भागातल्या भाटडीह खाणीत स्फोट होऊन ५० माणसं गेली, मिथेनशी खेळ नको म्हणतात ते उगाच नाही.

माझ्याही हातून हे झालंय. एका खाणीत आमच्या पंपाने अकरा बोअर स्लॉट केले, आठवडाभर गॅस बरा आला आणि मग टक्केवारी खाली, सगळे कोळशाला दोष देत होते, मीसुद्धा. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने त्या बोअरचं सक्शन थोडा वेळ बंद करायला लावलं आणि बोअरभोवतीच्या भिंतीला साबणाचं पाणी फासलं, तोंडापासून हातभर लांबच्या तडेतून बुडबुडे यायला लागले. सील होतं फोमचं आणि जेमतेम तीन मीटर. चीनमधला नियम खडकातून मारलेल्या बोअरला कमीत कमी ५ मीटर आणि सीममधल्या म्हणजे कोळशाच्या थरातल्याच बोअरला ८ मीटर सील, तोंडाशी सक्शन १३ किलोपास्कलच्या खाली नको, आणि टक्केवारी ३० च्या खाली गेली तर सील सुधारा असं सरळ सांगतो, आणि तो मला पटतो. फोम पटकन फुगतो पण भोवतालच्या तडांमध्ये शिरत नाही. दोन्ही टोकांना पिशवी फुगवून मधल्या भागात फुगणारं सिमेंट दाबाने भरलं की ते तडांमध्येसुद्धा जातं, वेळ जास्त लागतो पण टिकतं. सिमेंट साधं असेल तर वाळल्यावर आकसतं, ते टाळा.

पाण्याचंही बघायचं. खाली उतरता बोअर असला की तळाशी पाणी साचतं आणि तेवढा कोळसा गॅस सोडतच नाही, पाइपलाइनमधल्या खोलगट जागी पाणी साचलं तर सक्शन तिथपर्यंतच पोचतं. हे काढायला लाखांचं मशीन लागत नाही.

मग भाच्याला काय सांगितलं? आधी दहा बोअर निवड, पाच जुन्या पद्धतीने आणि पाच नवीन लांब सील करून, पाणी काढून, महिनाभर रोज फ्लो आणि टक्केवारी लिही. त्यात फरक पडला तर मशीनचे पैसे वाचले. नाही पडला तर कोळशाचा तुकडा हातात घे, बोटांनी चुरडला जात असेल तर कमी दाबाने धुणं आणि जाळीचा पाइप, कडक असेल आणि छत चांगलं असेल तर फ्रॅक, छताची खात्री नसेल तर स्लॉटिंग. पंप माझ्या धंद्यातला असला तरी पहिला महिना सीलवरच घालव. आणि खाली न्यायच्या कुठल्याही मशीनला डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) मान्यता आहे का ते ऑर्डरच्या आधी लेखी मागून घे. काल त्याचा फोन आला, तीन बोअरचं सील नवीन झालंय, बाकीच्यांची सिमेंटची पोती अजून वर गोदामातच पडलीत, सोमवारी खाली जातील म्हणाला.