साडेचौदा हजारांचे स्केट्स आणि एक नाडी : सात महिन्यांनंतर

काल संध्याकाळी डाव्या बुटाची नाडी तुटली, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर बूट चांगले चाललेत आता. 'आता' हा शब्द मुद्दाम वापरलाय.

स्केट्स इनलाइन हॉकीचे. म्हणजे बर्फावरच्या हॉकीला असतो तसाच कडक बूट, फक्त खाली पात्याच्या जागी चार चाकं. म्हापशात बर्फ मिळतो तो मासळी बाजारात, त्यामुळे चाकांना पर्याय नाही. 2025 मध्ये आपल्या मुलींनी आशिया चषकात आइस हॉकीचं कांस्य आणलं, ते बघून लेकीने हट्ट धरला. तिचं शिकणं बघता बघता बाबाही त्रेचाळिसाव्या वर्षी कोर्टवर उतरले. तिचे बूट पहिल्या दिवसापासून मऊ. माझे मात्र रडवणारे.

नंबर चुकला असं मला महिनोन्‌महिने वाटत होतं. माझा चपलेचा नंबर नऊ, स्केट घेतले साडेसात. हॉकीच्या बुटात एक-दीड नंबर खाली जावंच लागतं. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे वाकवले की मागे सरकायला हवीत. ते बरोबर होत होतं. जीभ पुढे ओढून वरून तिसऱ्या भोकांवर पेन्सिल आडवी ठेवून पाहिली, ती पावलाला लागली नाही. म्हणजे खोलीही पुरेशी. तरी अर्ध्या तासात नडगी पावलाला मिळते तिथे अशी कळ यायची की कोर्टवरून स्कूटरपर्यंत लंगडत जायचो.

कस्टमर केअरला फोन केला तर तिथला पोरगा म्हणाला, "सर, ब्रेक-इन पिरियड आहे." तिसऱ्या फोनलाही तेच. चौथ्यांदा केला तोवर बदलून द्यायची मुदत संपली होती, आणि हे सांगताना त्याचा आवाज जरा खुललेला वाटला. कंपनीचं नाव घेत नाही, पण साडेचौदा हजारांत निदान ऐकून तरी घ्यावं माणसाचं!

मग तापवायचं ठरवलं. हे बूट साधारण 80 अंशांवर काही मिनिटं तापवून, पायात घालून बसलं की पायाचा आकार घेतात. आमच्या ओटीजीचा (छोट्या विजेच्या ओव्हनचा) काटा 100 च्या खाली उतरत नाही. शिवाय बायकोने स्वयंपाकघराच्या दारातच सांगितलं, "ज्यात बिबिंका होते त्यात तुमचे बूट जाणार नाहीत." शेवटी तिचाच हेअर ड्रायर. बुटाची घोट्याजवळची जागा दोन्ही बाजूंनी गरम केली, बूट घातले, गुडघे वाकवून पंधरा मिनिटं खुर्चीत बसलो. गरम बुटात चालायचं नसतं, ते पाळलं. पण नाडी वरच्या दिशेने जोर लावून ओढली. ती बाजूला ओढायची असते, नाहीतर मऊ पडलेल्या बुटातून आयलेट, म्हणजे नाडीच्या भोकाची कडी, उपटून येतं. आलंच एक.

बूट घोट्यालाही टोचायचा, ते मात्र त्या दिवसापासून गेलं, हे मान्य करतो. नडगीखालची कळ तेवढी राहिली.

आयलेट बसवायला बाजारातल्या चांभाराकडे गेलो. त्याने चाळीस रुपयांत नवं ठोकलं, मग नाडी दोन बोटांत धरून सर्रकन ओढली आणि म्हणाला, "पात्रांव, बूट बरो आसा, नाडी वायट."

इथून माझं मत फिरलं. कंपनीने दिलेली नाडी गुळगुळीत, मेण नसलेली. मधली पकड दहा मिनिटांत ढिली व्हायची, टाच उचलायची, मी वैतागून वरची टोकं आवळायचो आणि तो सगळा दाब पावलाच्या वरच्या शिरेवर. ह्यालाच लेस बाइट म्हणतात. म्हणजे सहा महिने मी बुटाला शिव्या घातल्या आणि चोर निघाली नाडी. नवी मेणाची नाडी तीनशे रुपये, वर कुरिअर. एप्रिलमध्ये मिलाग्र सायबिणीच्या फेस्तातून आणलेली अर्धी मेणबत्ती देव्हाऱ्याखाली पडलेली होती. बायकोचा डोळा चुकवून दोन्ही नाड्या तिच्यावर घासल्या. पुढे बोटांकडे सैल, मध्ये घट्ट, सगळ्यात वरचं भोक रिकामं. जाड क्रिकेटचे मोजे काढून पातळ घातले. त्या दिवशी दीड तास खेळलो!

बाकी चाकं ठीक आहेत. बेअरिंगना पावसाळ्यात गंज धरतो, ते गोव्यात कशालाही धरतो. खेळून आलं की बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो आणि पंख्याखाली ठेवतो, उन्हात नाही.

तर काल तीच मेण लावलेली नाडी तुटली. घासून घासून झिजली असणार, किंवा आयलेटची धार लागली असेल. फुटबॉलचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. बुटांच्या नाड्या हव्या तेवढ्या, पण सगळ्या सव्वा मीटरच्या. हॉकीच्या बुटाला अडीच मीटरच्या आसपास लागते. तीनशे अधिक कुरिअरचा हिशेब पुन्हा एकदा मांडला आणि वीस-वीसच्या दोन घेऊन गाठ मारली. गाठ नेमकी तिसऱ्या भोकाशी येते, आत जात नाही. उद्या ती वर येईल अशी ओवून बघतो. अर्धी मेणबत्ती अजून शिल्लक आहे.