जेटच्या टबचा पंप आणि स्टिकरखालची नेमप्लेट

वडिलांच्या गुडघेदुखीसाठी लातूरच्या घरी बसवलेल्या जेटच्या बाथटबचा पंप उन्हाळ्यात बंद पडला. पाहायला आलेल्या मिस्त्रीने झाकणही न उघडता 'वाइंडिंग (मोटारीतील तारांची गुंडाळी) जळाले' असा निर्वाळा दिला आणि ओळखीच्या दुकानातून नवा पंप आणवला. जुना एक एचपीचा (अश्वशक्तीचा) होता. हा दोन एचपीचा असल्याने जेट दुप्पट जोराने मारतील, असे दुकानदाराने सांगितले. जुना पंप मोडीत नेण्याची त्याला विलक्षण घाई होती, परंतु वडिलांनी तो दिला नाही.

नव्या पंपाने जेटचा जोर उलट कमी झाला आणि मोटार हात लावता येणार नाही इतकी तापू लागली. वरचे चकचकीत स्टिकर सोलल्यावर खाली मूळ नेमप्लेट, म्हणजे मोटारीची क्षमता लिहिलेली पट्टी, निघाली: २३० व्होल्ट, ४.५ अँपिअर, ६० हर्ट्झ, ३४५० आरपीएम (मिनिटाला फेरे). एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे दोन एचपीच्या मोटारीने शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) १४९२ वॅट द्यायला हवेत. पण मोटार विजेतून घेते ते २३० व्होल्ट गुणिले ४.५ अँपिअर म्हणजे जेमतेम १०३५ वॅट होतात, तेव्हा आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? शिवाय ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटार आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सुमारे एकषष्ठांश वेग गमावते, त्यामुळे पाण्याचा दाब तीस टक्क्यांच्या आसपास घटतो आणि मोटार जास्त तापते.

खरोखरचा दोन एचपीचा पंप मिळाला असता, तरी तो या टबाला चालला नसता. टबातील शोषणजाळी ठरावीक प्रवाहासाठीच बनवलेली असते. त्याहून जोरकस पंप लावल्यास पाण्यात डोके बुडवलेल्या माणसाचे केस जाळीत ओढले जाण्याचा धोका असतो, ही गोष्ट एचपीच्या गप्पांत कोणी सांगत नाही.

जुना पंप पुढे शेतीच्या मोटारी भरणाऱ्या कारागिराकडे नेला, तेव्हा वाइंडिंग शाबूत असल्याचे दिसले. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने सील झिजून पाणी बेअरिंगमध्ये शिरले होते आणि शाफ्ट जाम झाला होता, एवढेच. सील व बेअरिंग बदलून तोच पंप आता चालू आहे. दुकानदाराने दिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर 'पंप १ नग' एवढेच लिहिलेले असल्याने तो पैसे परत करण्यास नकार देतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून, सोललेले स्टिकर आणि दोन्ही नेमप्लेटांची छायाचित्रे जपून ठेवली आहेत.