शिंपल्यांचा चुरा आणि उताराची पेटी: नऊ महिन्यांनंतर

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी अंडी काढायला खुराड्यात हात घातला, तर पेंढा ओला आणि बोटांना बलक चिकटलेला. टरफलाचा तुकडाही शिल्लक नव्हता. आठवडाभरात रोज दोन-तीन अंडी अशी जायला लागली आणि एका दुपारी आमची तांबडी चोचीला पिवळं लावून समोरच उभी दिसली. आई म्हणाली, "अंड्याची चव लागलेली कोंबडी सुटत नाही गो, सरळ रस्सा कर." तांबडीला मी पिलू असल्यापासून वाढवलंय. माझ्याने ते होणार नव्हतं.

दापोलीजवळ आमच्या परसात 11 कोंबड्या आहेत, 5 गावरान आणि 6 ग्रामप्रिया, म्हणजे जास्त अंडी देणाऱ्या सुधारित जातीच्या. मागचं आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की जानेवारीपासूनच अंडी अंगठ्याने जरा दाबली तरी पिचत होती. दोन तर नुसत्या पापुद्र्यातली होती. म्हणजे खोड नंतरची, आधी टरफल पातळ झालं होतं. पायाखाली फुटलेलं अंडं कोणतीही कोंबडी खाणारच, आणि तिथूनच चोच मारायची सवय लागते.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, की कोंबड्या शिंकतात का, घरघर आहे का, राणीखेत रोगाची लस झाली आहे का. काही रोगांतही टरफल बिघडतं. तसं काही नव्हतं. मग त्यांनी खाद्य विचारलं आणि घोटाळा तिथेच निघाला. मी कणी, भरडा मका आणि कोंडा घालत होते, त्यांत कॅल्शियम नावालाच. जोडीला दुकानातून आणलेलं पोतं निघालं ग्रोअरचं, म्हणजे वाढत्या वयाच्या कोंबड्यांच्या खाद्याचं. त्यात कॅल्शियम 1 टक्क्याच्या आसपास असतं, अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन-चार टक्के लागतं. एका टरफलात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं आणि खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागतं. गावरान कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते, तिचं इकडेतिकडे चरून भागतं. ग्रामप्रिया 150 च्या पुढे जाते. ती स्वतःची हाडं झिजवून टरफल बनवत होती, हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

मार्चपासून लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा सुरू केला. दुकानात त्याला शेल ग्रिट म्हणतात. जाडसर हा शब्द महत्त्वाचा आहे. टरफल बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातले बरेचसे रात्रीचे, कोंबडी झोपलेली असताना. जाड तुकडे गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या तिच्या पोटाच्या पिशवीत, रेंगाळतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. मी आधी चुनखडीची पूड आणली होती, ती कोरड्या खाद्यात तळाला बसायची आणि दमट हवेत गोळा व्हायची. चुरा मी खाद्यात मिसळत नाही. वेगळ्या वाडग्यात दुपारनंतर ठेवते, ज्या कोंबडीला हवा ती खाते. पिलं आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) मात्र त्या वाडग्यापासून लांब, कारण लहान वयात जास्त कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं. 5 किलोची पिशवी अडीच महिने पुरते. दोन आठवड्यांत टरफल हाताला घट्ट लागू लागलं.

पण तांबडीची सवय तेवढ्याने गेली नाही. कोणी सांगितलं म्हणून अंड्यात तिखट भरून ठेवलं, तिने ते सावकाश खाऊन टाकलं. पक्ष्यांना मिरचीची आग लागतच नाही, हे नंतर वाचलं. खऱ्या अर्थाने कामाला आली ती अंडी घालायची उताराची पेटी. गावातल्या सुताराकडून प्लायवूडची करून घेतली: तळाला मागच्या बाजूला दीड-दोन इंच उतार, वर रबरी चटई, मागे फटीतून अंडं घरंगळत बाहेरच्या खणात. कोंबडी वळून बघेपर्यंत अंडं गायब. सुरुवातीला उतार जास्त झाला आणि अंडी खणात आपटून तडकली. तिथे फोमची पट्टी लावल्यावर ते थांबलं. पेंढा नाही म्हणून पहिले दहा-बारा दिवस कोंबड्या आत जाईनात. मग पुढे गोणपाटाचा पडदा लावून अंधार केला आणि चटईवर एक लाकडी अंडं चिकटवलं. तांबडीने त्यावर चारेक दिवस चोच मारली आणि सोडून दिलं. एप्रिलच्या मध्यानंतर खाल्लेलं अंडं सापडलेलं नाही.

मे महिन्यात मात्र चुरा असूनही टरफलं पुन्हा पातळ झाली. उकाड्यात कोंबडी धापा टाकते, त्यात शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि टरफलाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. शिवाय ती खातेही कमी. ओली गोणपाटं, माठाचं पाणी, सकाळी लवकर खाद्य, यांनी थोडा फरक पडला, पूर्ण नाही. जूनच्या पावसाने तो प्रश्न सुटला.

पेटीची एक अडचण राहतेच: खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीला त्यात बसवता येत नाही. उबवणीची अंडी मी डालग्याखाली वेगळी ठेवते. दोन गावरान अजूनही पेटीत जात नाहीत, त्यांची अंडी लाकडांच्या ढिगामागे शोधावी लागतात. दुपारी बाराच्या आत गेले तर मिळतात, नाहीतर कावळे नेतात. तांबडी आता पावणेदोन वर्षांची आहे आणि आज सकाळीही तिचं अंडं मागच्या खणात होतं.